दोन गुंजा दम

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी, दुपारी सव्वादोन वाजता, परभणीच्या एका दवाखान्यात सोनपेठच्या एका वृद्ध सोनाराचे निधन झाले. वय एकाहत्तर. कारण फुप्फुसाचा जुना विकार. मागे पत्नी. मी सोनपेठचा तालुका बातमीदार आहे. निधनवार्ता मीच दिली आणि ती जिल्हा पानावर चार ओळींत आली. नाव, गाव, व्यवसाय आणि अंत्यविधीची वेळ. ते माऊथ ऑर्गन वाजवत, हे तिच्यात नव्हते. 'वाजवत' असे लिहिणे अचूकही ठरले नसते. ते एक सूर खाली वाकवण्याचा प्रयत्न करत होते. हा प्रयत्न मी सहा वर्षे पाहिला. आमच्या ओळखीआधी तो अडतीस वर्षे चालू होता.

गाव त्यांना काका म्हणे. मीही काकाच म्हणत असे.

दुकान बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, आठ फूट रुंद. मागे एक अंधारी खोली आणि तिच्यामागे राहते घर. मी पहिल्यांदा गेलो तो चष्म्याची मोडलेली दांडी डाखून घ्यायला. ऐरणीशेजारी एक माऊथ ऑर्गन पत्रे काढून उघडा ठेवला होता आणि काका तापलेल्या सळईने त्याच्या एका बाजूच्या पट्ट्यांवर लाख सोडत होते.

"काय करायलात काका?"

"एकाचा गळा दाबायलोय. दोघं मिळून बोंबलतात. एक गप झाला की दुसऱ्याचं ऐकू येईल."

बाजारात मिळणाऱ्या लांब माऊथ ऑर्गनमध्ये प्रत्येक सुराला दोन पट्ट्या असतात. दोन्ही किंचित फरकाने लावलेल्या, म्हणून आवाज थरथरतो. काकांना थरथर नको होती. त्यांनी एक ओळ लाखेने बुजवायची पद्धत काढली होती. असे बुजवलेले अकरा माऊथ ऑर्गन त्यांच्या फळीवर होते. काम इतके सफाईचे होते की लाखेचा एक थेंब इकडेतिकडे नव्हता. आणि ते सगळे व्यर्थ होते. सूर खाली यायचा तर फुंकरीची पट्टी आणि ओढीची, म्हणजे आत घेतलेल्या श्वासाची, पट्टी एकाच छिद्रात लागतात. बाजारच्या वाद्यात त्या वेगवेगळ्या घरांत असतात. हे काकांना कुणी सांगितले नव्हते, कारण सोनपेठमध्ये हे कुणाला माहीत नव्हते. मलाही नव्हते. मी ते नंतर शोधून काढले.

त्यांना हवा असलेला आवाज त्यांनी हैदराबादेत ऐकला होता. पंचविशीच्या आत-बाहेर ते तिथे एका दागिन्यांच्या कारखान्यात कामाला होते आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत राहत. शेजारच्या खोलीत एक माणूस राही. तो संध्याकाळी कामावरून आला की माऊथ ऑर्गन वाजवी. त्यात गाण्याची ओळखीची चाल नसे. एक सूर लागायचा, मग तोच सूर न तुटता खाली घसरायचा आणि तिथेच थांबायचा. काकांनी दोन वर्षे भिंतीला पाठ लावून तो ऐकला. माणूस पाहिला नाही. दाराबाहेर त्याचे बूट दिसत, तेवढेच.

"एकदाही दार वाजवलं नाही?" मी विचारले होते.

"वाजवून काय म्हणू? एवढं कामून रडतोस बाबा, असं?"

"निदान बाजा कुठला, ते तरी."

"उद्या ईचारू, उद्या ईचारू करत ऱ्हायलो. एक दिवस बूट न्हाईत. खोली झाडून मोकळी. आठ दिवसांनी दुसरं बिऱ्हाड आलं, त्यांच्याकडं रेडिओ होता."

त्यानंतर ते गावी परतले, लग्न केले, दुकान घातले. आवाजाला काय म्हणतात ते त्यांना ठाऊक नव्हते. मी त्यांना मोबाइलवर तीन-चार नमुने ऐकवले. तिसऱ्यावर त्यांनी चिमटा खाली ठेवला.

"ह्याला ब्लूज म्हणतात," मी सांगितले. "अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं गाणं. कापूस वेचायचे ते."

"कापूस? मंग आपलेच की," काका म्हणाले. "एवढ्या लांब कशाला ठिवलं देवानं मला."

मी दहा छिद्रांचे, लाकडी अंगाचे दोन छोटे माऊथ ऑर्गन मागवले. एक त्यांच्यासाठी. दुसरा माझ्यासाठी, कारण त्यांची अट होती. एकट्याने शिकणारा स्वतःला खोटे सांगतो, शेजारी दुसरा पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. अशा रीतीने ज्यांना येत नव्हते ते मला शिकवू लागले.

शिकवण्याची वेळ दुपारी तीन. आधी खळखळून चूळ. सुपारी खाऊन आलेल्याला ते वाद्याला हात लावू देत नसत. मग बशीत चहा. पहिला धडा चहाचाच होता. "फुंकर घाला. आता फुरका मारा. झालं. एवढंच हाय ह्या बाज्यात, फुंकर अन् फुरका." फुंकरीने येणारे सूर सरळ असतात आणि ओढीचे वाकतात, हे त्यांनी आठ दिवसांत स्वतःच हेरले. त्यांना हवा असलेला सूर तिसऱ्या छिद्रात होता, श्वास आत घेताना. तो अर्ध्या स्वराने खाली यायला हवा होता.

त्यांची एक सवय गल्लीत चेष्टेचा विषय होती. सकाळी दुकान उघडल्यावर ते सोन्याच्या तराजूत आपला माऊथ ऑर्गन तोलत. संध्याकाळी पुन्हा तोलत. लाकूड दिवसभरात तोंडाची वाफ पिऊन जड होई. तो फरक ते गुंजांत सांगत. "आज दोन गुंजा दम गेला." एखाद्या दिवशी खोकला जास्त असे आणि वाजवणे कमी. मग म्हणत, "आज अर्धी गुंज. दिवस वाया." समोरच्या शिंप्याने एकदा विचारले, की काका, दम वितळवून त्याची अंगठी होते का? काकांनी चष्म्यावरून पाहिले. "होती की. पन तुझ्या बोटात बसायची न्हाई, तुझं बोट सुईनं भोकसलेलं."

काकूंचा सूर वेगळा होता. त्या मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर लसूण सोलत बसत आणि न पाहता बोलत.

"बातमीदार, तुमाला काम न्हाई का दुसरं? चाळीस वर्सं झाली, ह्यांचं बाजं एकच हंबरडा फोडायलंय. म्हैस तरी रेडकू आलं की गप होती."

"येईल, येईल," काका म्हणत.

"कोन येईल?"

"सूर गं."

"आला की मला हाक मारा. तवर मी लसूण सोलते."

वर्षभरात काकांनी बरेच काही साधले. बाकनळीने, म्हणजे सोनाराच्या वाकड्या पितळी नळीने, जाळ फुंकताना नाकाने श्वास घ्यायचा आणि गालांत साठवलेली हवा सोडत राहायची, हे त्यांच्या अंगवळणी पडले होते. त्यामुळे फुंकरीचा सूर ते मध्ये न तोडता हवा तितका वेळ धरत. बाजाराच्या दिवशी आलेले गावकरी तो ऐकायला थांबत. पण ओढीचा सूर सरळच राही. ते गाल आवळत, मान पुढे काढत, डोळे मिटत. तिसरे छिद्र जागचे हलत नसे.

माझा सूर वाकला तो झरी या गावी. एका बातमीसाठी गेलो होतो, परतीच्या एसटीला अवकाश होता आणि फाट्यावर कुणी नव्हते. खिशातून माऊथ ऑर्गन काढला. आत श्वास घेताना तोंडातल्या तोंडात ई म्हणायला घेतले आणि जीभ मागे नेत ऊ केले. सूर खाली गेला. मी पुन्हा केले. पुन्हा गेला. एसटी आली तेव्हा मी सुमारे वीस वेळा तो वाकवला होता.

काकांना मी हे सांगितले नाही. तीनच्या धड्याला जात राहिलो आणि त्यांच्यासमोर सरळ वाजवत राहिलो. असे चार महिने चालले.

दर महिन्याला ते दोन्ही वाद्ये उघडून साफ करत आणि पट्ट्या कानशीने सुरात आणत. त्या दिवशी त्यांनी माझे वाद्य उघडले, भिंग डोळ्याला लावले, सुईच्या टोकाने तिसरी पट्टी छेडली. पुन्हा छेडली. मग स्वतःच्या वाद्याची तिसरी छेडली. दोन्हींत फरक होता.

"ही पट्टी थकली," ते म्हणाले. "बाकीच्या ताज्या हायत. हिलाच कोन वाकवायलंय?"

त्यांनी भिंग खाली ठेवले.

"किती दिवस झाले?"

"चार महिने."

"अन् सांगितलं न्हाई. कामून? माझी कीव आली?"

त्यांनी कानस उचलली.

"मी कधी कुनाच्या डागिन्यात खोट लपवली न्हाई. तुमी माझ्यापाशी सूर लपवला." त्यांनी पट्टी दोन-तीनदा हलक्या हाताने घासली, पत्रे बसवले आणि वाद्य माझ्याकडे सरकवले. "वाजवा."

मी ते तोंडाला लावले. त्यांनी हात आडवा केला. "हितं न्हाई. आतल्या खोलीत जा. दार लावून घ्या."

आतल्या खोलीत डबे, जुनी लोखंडी पेटी आणि काकूंची शिलाई मशीन होती. मी पेटीवर बसून सुमारे दहा मिनिटे वाजवले. सुरुवातीला बाहेरून हातोडीचा आवाज येत होता. नंतर तो थांबला. मी दार उघडले तेव्हा एक बाई जोडवी घेऊन उभी होती आणि काका चिमट्यात जोडवे धरून त्यावर जाळ फुंकत होते. त्यांचे डोळे लाल होते. शेगडीच्या धुराने ते रोजच लाल असत. बाई गेल्यावर ते म्हणाले, "त्या शेजाऱ्याचा जरा सावकाश उतरायचा. पन रस्ता हाच." मग म्हणाले, "उद्यापासून मास्तर तुमी."

त्यानंतरचे दीड वर्ष मी शिकवत होतो. अडचण लगेच कळली. सूर जिभेने आणि घशाने वाकतो, आणि तेव्हा गाल सैल असावे लागतात. काकांचे गाल सैल पडत नव्हते. मी त्यांच्या गालांवर दोन बोटे ठेवून बसत असे.

"गाल सोडा काका."

"सोडलेत की."

"नाही सोडले. दगडासारखे आहेत."

"गाल सोडले की जाळ विझतो, मास्तर. पन्नास वर्सं हेच केलं. आता त्यान्ला कसं समजवू की समोर जाळ न्हाई?"

डॉक्टरांनी बाकनळी बंद करायला सांगितले होते त्याला बरीच वर्षे झाली होती. धूर, सवागीची म्हणजे टाकणखाराची वाफ आणि तेजाब यांनी छाती खराब केली होती. बाजारपेठेतल्या इतर सोनारांकडे गॅसचे पेटते पिस्तूल आले होते. काकांनी ते घेतले नव्हते. नळीच्या जाळात हाताची नरमाई असते, पिस्तुलाच्या जाळात नसते, असे ते सांगत. छातीसाठी त्यांनी नळी सोडली नाही. गालांसाठी सोडली. एका सोमवारी मी गेलो तेव्हा नवे पिस्तूल ऐरणीशेजारी होते आणि बाकनळी फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवली होती.

"ज्या नळीवर घर चाललं ती गुंडाळली बघा," काकू मला म्हणाल्या. "मी सांगून थकले, छातीपायी सोडा. माझं ऐकलं न्हाई. बाज्यापायी सोडली."

"गाल ईसरतील आता," काका म्हणाले.

पहिल्या महिन्यात पिस्तुलाने त्यांच्या हातून दोन नथी जळाल्या. असे त्यांच्याकडून पूर्वी कधी झाले नव्हते. त्यांनी त्या स्वतः नव्याने घडवून दिल्या आणि त्यानंतर नाजूक काम घेणे बंद केले. नेहमीची गिऱ्हाइके पुढच्या दुकानात जाऊ लागली. दुपारचा तीनचा धडा दोनला सुरू होऊ लागला. गाल हळूहळू सैल झाले. एके दिवशी बोटांखाली ते मऊ लागले आणि सूर किंचित हलला. खाली गेला नाही, डगमगला. आम्ही दोघांनी ऐकला. काका हाक मारणार होते, "अगं," एवढे म्हणाले आणि खोकला आला. तो बराच वेळ थांबला नाही. काकू पाणी घेऊन आल्या तेव्हा दाखवण्यासारखे काही उरले नव्हते.

आता गाल तयार होते आणि श्वास पुरत नव्हता. दिवाळीनंतर बसल्या जागी धाप लागू लागली. कार्तिक संपता संपता त्यांना परभणीला दाखल केले. माऊथ ऑर्गन उशीखाली होता. मी दर एक-दोन दिवसांनी जात असे. नाकाला नळी लावलेली असताना ते हाताची तीन बोटे दाखवत आणि भुवया उंचावत. म्हणजे, विसरलो नाही.

शेवटचा गुरुवार सोडून मी त्या आठवड्यात रोज गेलो. गुरुवारी सोनपेठला एक बैठक होती.

तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावून घेतले. दुकान बंद होते. त्या आतल्या खोलीत बसल्या होत्या.

"एक काम हाय," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी एकच्या सुमाराला त्यांनी मला च्या आणायला खाली धाडलं. मी म्हनलं, च्या कशाला, तुमाला चालत न्हाई. म्हने, तुला आण. मी किटली घेऊन वर आले तर नर्सबाई म्हनाली, मावशी, बाबांना सांगा, वॉर्डात बाजा वाजवायचा न्हाई. ह्यांच्याकडं बघितलं तर नळी बाजूला काढलेली अन् बाजा छातीवर. बोलायची ताकद न्हाई. माझ्याकडं बघायलेत नुसतं. तासाभरात गेले."

मी खिशातली वही काढली.

"चव्वेचाळीस वर्सं ते बेसूर मीच ऐकलं. अन् आखरीच्या येळेला मी किटलीपाशी. तो वाकला का न्हाई, तेवढं मला कळू द्या. तुमी बातमीदार हाव ना? मंग खरं काय ते काढा. मला बरं वाटावं म्हनून सांगू नका."

मी दवाखान्यात गेलो. नर्सला प्रसंग आठवत होता. बाजा एकदाच वाजला, ती वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला होती, ती ओरडली तेव्हा तो थांबलेलाच होता. आवाज कसा होता, या प्रश्नावर ती म्हणाली, "कसा म्हणजे? बाज्यासारखा." समोरच्या खाटेवरचा रुग्ण झोपलेला होता. शेजारच्या खाटेवर पेडगावचे एक म्हातारे होते, त्यांना ऐकू कमी येई. त्यांच्याजवळ त्यांचा मुलगा बसलेला असे. तो ऊसतोडीला जाणारा. टोळी दिवाळीनंतर गेली होती, बायकोही गेली होती, तो वडिलांसाठी मागे राहिला होता. वडिलांना शुक्रवारी घरी सोडले आणि शनिवारी तोही कारखान्याकडे निघून गेला.

त्याचा नंबर दवाखान्याने दिला नाही. त्याच्या बायकोचा मात्र काकूंच्या फोनमध्ये निघाला. त्याच्या फोनमधले पैसे संपले होते तेव्हा त्याने त्यांच्या फोनवरून बायकोला फोन लावला होता. त्या नंबरवर मी नऊ दिवस फोन केला. फोन बंद असे किंवा संपर्कक्षेत्राबाहेर. दहाव्या दिवशी दुपारी चारला, दुकानात काकूंसमोर बसलो असताना, तो लागला. बायकोने उचलला आणि लांब कुणाला तरी हाक मारली. मागे कोयत्यांचा आवाज येत होता. मी स्पीकर चालू केला.

"कोन?"

मी ओळख सांगितली.

"सोनारबाबाकडले व्हय? लय वाईट झालं वो. आमच्या बापाला बिस्किटं द्यायचे. काय म्हनता?"

"त्या दिवशी दुपारी त्यांनी बाजा वाजवला, तेव्हा तुम्ही तिथं होतात का?"

"व्हतो की. मीच तर नळी काढून दिली. काढ म्हनले हातानं. नर्सबाईला सांगू नका आता."

"नाही सांगत. किती वेळ वाजवला?"

"एकच डाव. एकच आवाज केला."

"कसा होता?"

"आता कसा सांगू. चांगला व्हता."

सूर खाली आला का, असे विचारले असते तर तो हो म्हणाला असता. तसे विचारायचे नसते. मी म्हणालो, "तुम्हाला आठवतो तसा तोंडानं करून दाखवता का?"

"हितं?" तो हसला. "बाया हसतील की मला."

बायकोचा आवाज आला, "काय म्हनायलेत?" त्याने तिला काहीतरी सांगितले. ती हसली. मग तो उसातून थोडा बाजूला गेला असावा, कारण कोयत्यांचा आवाज कमी झाला. त्याने घसा साफ केला आणि तोंड मिटून आवाज काढला. तो वर लागला, न तुटता सावकाश अर्ध्याने खाली आला आणि तिथे थांबला.

काकूंनी फोन माझ्या हातातून घेतला. स्पीकर चालू असताना तो कानाला लावला.

"बाबा रे, मी काकू बोलायलेय. परत एकडाव कर."

त्याने तो पुन्हा केला. तसाच खाली आला. मागे कुणीतरी मोळ्या भरायला बोलावले आणि फोन बंद झाला. तेव्हा दुपारचे चार वाजून दहा मिनिटे झाली होती.